ऑनलाइन चेहरे आणि मूड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न लोक पुन्हापुन्हा पाठवतात. काहींची भाषा आवरली आहे, मुद्दा तोच ठेवला आहे. आधी सोपे, मग अडचणीचे असा क्रम आहे. थेट आपल्या अडचणीवर गेलात तरी चालेल. तेच तेच दोनदा येऊ नये म्हणून गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इमोटिकॉन आणि इमोजी एकच ना?

नाहीत, पण बोलताना कुणी फरक करत नाही आणि त्याने काही बिघडतही नाही. इमोटिकॉन म्हणजे कीबोर्डवरच्या साध्या चिन्हांतून जुळवलेला चेहरा: कोलन, आडवी रेघ आणि कंस मिळून :-) होतं. मान डावीकडे कलती केली की चेहरा दिसतो. इमोजी म्हणजे तयार चित्र, जसं 🙂. पण हे चित्र फोटोसारखं पाठवलं जात नाही. युनिकोड या सगळ्या संगणकांच्या सामाईक अक्षर-यादीत प्रत्येक इमोजीला अक्षरासारखाच ठरलेला क्रमांक असतो. तुमचा फोन तो क्रमांक पाठवतो आणि समोरचा फोन आपल्याकडचं चित्र काढून दाखवतो. त्यातून होणारे घोटाळे प्रश्न ९ मध्ये आहेत. स्टिकर आणि जिफ हा तिसरा प्रकार, त्यात खरोखरच चित्राची फाइल जाते.

२. हे सगळं सुरू कुणी केलं?

:-) चं श्रेय स्कॉट फालमन यांना दिलं जातं. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचनाफलकावर त्यांनी तो सुचवला. त्याआधी तिथे एक मजेशीर गोंधळ झाला होता. लिफ्ट तुटून खाली पडू लागली तर आतल्या वस्तूंचं काय होईल, अशी चर्चा चालू होती. कुणीतरी थट्टेत लिहिलं की एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय, आणि काहींना ते खरंच वाटलं. मग विनोद ओळखता यावा म्हणून काहीतरी खूण हवी, असं ठरू लागलं. फालमन यांनी :-) सुचवला आणि लगेच पुढे लिहिलं की, इथली एकंदर तऱ्हा पाहता, जे विनोद नाहीत त्यांनाच खूण करणं स्वस्तात पडेल, त्यासाठी :-( वापरा. म्हणजे :-( चा पहिला अर्थ 'मी दुःखी आहे' असा नव्हताच, 'हे गंभीरपणे घ्या' असा होता. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे बऱ्याच उत्तरांत कामाला येईल. तो मूळ संदेश पुढे हरवला होता. २००२ साली जुन्या बॅकअप टेप धुंडाळून शोधून काढला.

छापील चिन्हांतून चेहरे करण्याची हौस त्याहून जुनी आहे. अमेरिकेतल्या 'पक' या विनोदी साप्ताहिकाने १८८१ सालीच आनंद, खिन्नता, अलिप्तपणा आणि आश्चर्य असे चार चेहरे छापले होते.

चित्रांची गोष्ट जपानमधली. १९९७ साली तिथल्या एका मोबाइल कंपनीच्या फोनवर ९० चित्रांचा संच आला. १९९९ साली शिगेताका कुरिता यांच्या हाताखाली तयार झालेला १७६ चित्रांचा संच गाजला. प्रत्येक चित्र अवघ्या १२ बाय १२ ठिपक्यांत बसवलेलं होतं. २०१० मध्ये युनिकोडने इमोजी घेतले आणि मग ते जगभर पसरले.

३. सरळ शब्दांत लिहिता येतं, मग चेहरे कशाला?

"ठीक आहे" एवढंच घ्या. समोरासमोर असलो की माणूस राजी आहे, वैतागलाय, की नुसता विषय संपवतोय हे आवाजावरून कळतं. पडद्यावर आवाज नसतो. "ठीक आहे 🙂", "ठीक आहे 😒", "ठीक आहे 😅" ही तीन वेगळी उत्तरं आहेत, आणि नुसतं "ठीक आहे" हे चौथं, ज्याचा अर्थ वाचणारा आपल्या मूडप्रमाणे लावतो.

आपलं लिहिणं समोरच्याला बरोबर कळेल, हा भरवसाही आपल्याला जरा जास्तच असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना ईमेलमधून काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने लिहायला सांगितली. सुमारे ७८ टक्के वेळा सूर ओळखला जाईल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. वाचणाऱ्यांनी तो ५६ टक्के वेळाच बरोबर ओळखला. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के बरोबर आलंच असतं.

म्हणून आमचं मत असं, की चेहऱ्याचं काम भावना सांगणं हे दुय्यम. वाक्य कोणत्या सुरात वाचायचं ते सांगणं हे पहिलं.

४. रोजच्या साध्या मूडसाठी कोणता चेहरा घ्यायचा? यादी मिळेल का?

पाठ करण्याजोगी यादी देण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक गटाची आपली रीत असते. पण लोक अडखळतात त्या जागा सांगतो. आनंद आणि दुःख सोपे आहेत. गाडी अडते ती अधल्यामधल्या भावनांवर, आणि दिवसभरात आपण बहुतेक वेळ तिथेच असतो.

*दमणूक.* 😴 म्हणजे झोप आलीय किंवा झोपायला चाललो. काम करून पिट्टा पडलाय पण झोपता येत नाही, यासाठी 😩 किंवा 😮‍💨. दुसऱ्या चेहऱ्यात सुस्कारा आहे, त्यामुळे 'सुटलो एकदाचा' यालाही तो चालतो. वाक्यात कारण लिहिलं तरच दोन्हींतला फरक कळतो: "झाला एकदाचा रिपोर्ट 😮‍💨".

*अवघडलेपण.* 😅 हा आमच्या मते सगळ्यात कामाचा चेहरा. हसू आहे आणि कपाळावर घामाचा थेंबही आहे. उशीर झाला, विसरलो, चुकीच्या माणसाला मेसेज गेला, पैसे मागायचेत पण जीभ रेटत नाही, सगळीकडे चालतो. मात्र खरी माफी मागायची असेल तेव्हा तो नको. माफी थट्टेवारी नेल्यासारखी वाटते.

*धास्ती.* 😬. दात दिसतात म्हणून काही जण तो हसू समजून वापरतात. तो हसत नाही, दात आवळून बसलाय.

*वैताग आणि रुसवा.* 🙄 मध्ये 'झालं यांचं सुरू' असा सूर आहे. तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना गंमत वाटते, समोरच्यालाच पाठवला तर झोंबतो. 😒 हा रुसव्याचा. ज्याच्यावर रुसायचा हक्क आहे त्यालाच पाठवावा.

*शरमेने विरघळणं.* 🫠 हा २०२१ मध्ये युनिकोडमध्ये आला. वितळत चाललाय पण तोंडावरचं हसू कायम. मीटिंगमध्ये माइक चालू राहिला आणि सगळ्यांनी ऐकलं, अशा प्रसंगाला याच्याइतका चपखल चेहरा नाही.

साध्या चिन्हांतून लिहायचं तर :-/ म्हणजे पटत नाहीये किंवा खात्री नाही, :-| म्हणजे काय बोलणार, ;-) म्हणजे कळलं ना, आणि कोलननंतर अवतरणचिन्ह घेतलं की डोळ्यातून थेंब पडतो, :'-( असा. आश्चर्याच्या चेहऱ्याला इंग्रजी ओ लागतो असं लोक म्हणतात, पण आपलं शून्यही चालतं: :-०

५. चेहरा वाक्याच्या आधी की शेवटी? आणि पूर्णविराम द्यायचा का?

शेवटी. ज्या वाक्याचा सूर सांगायचाय त्याला चिकटून. तीन वाक्यांच्या मेसेजमध्ये शेवटी एकच 😄 टाकला तर तो फक्त शेवटच्या वाक्याचा की सगळ्याचा, हे कळत नाही. "तू काल आला नाहीस. सगळे वाट पाहत होते. केक संपला 😄" यात पहिली दोन वाक्यं तक्रार आहेत की थट्टा? थट्टा असेल तर चेहरा पहिल्याच वाक्याला लावा.

चेहरा आला की पूर्णविराम गाळायची रीत पडली आहे. चेहरा नसलेल्या छोट्या उत्तरात मात्र पूर्णविराम जरा तुटक वाटतो. अमेरिकेत २०१५ साली झालेल्या एका अभ्यासात, पूर्णविरामाने संपणारी एका शब्दाची उत्तरं मेसेजमध्ये वाचणाऱ्यांना कमी मनापासूनची वाटली. तीच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असताना तसं वाटलं नाही. लांब मजकुरात हा प्रश्नच येत नाही.

६. कंसातल्या वाक्याच्या शेवटी :-) आला तर कंस एक की दोन?

यावर शुद्धलेखनवाल्यांचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. एकच ठेवला तर कंस उघडाच राहिल्यासारखा दिसतो, दोन ठेवले तर चेहऱ्याला दुहेरी हनुवटी येते. मधे एक जागा सोडा, किंवा कंसच काढून टाका. आम्ही कंस काढतो.

७. मी साधा 🙂 पाठवते तर लोक विचारतात, "रागावलीस का?" असं का?

कारण बाकीचे चेहरे फार जोरात हसतात. 😄 😁 😂 यांच्या शेजारी 🙂 चं हसू ओठांपुरतं दिसतं, डोळे तसेच राहतात. एरवी भरभरून बोलणाऱ्या माणसाकडून तो आला की 'हसू आणलंय' असं वाटतं. चीनमधल्या तरुण मंडळींतही चॅटमधला साधा हसरा चेहरा तुसडा मानला जातो, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही.

जुनी ओळख असेल तर काळजी नको, तुमची सवय लोकांना ठाऊक असते. नव्या ओळखीत डोळेही हसणारा 😊 बरा. आणि तुम्ही खरोखरच रागावला असाल, तर 🙂 पाठवून समोरच्याला कोड्यात टाकू नका, ते भांडण लांबतं.

८. कोणते चेहरे सर्रास चुकीचे वाचले जातात?

पहिला मान 😪 चा. लोक तो रडणारा समजतात. तो थेंब डोळ्यातून पडत नाही, नाकातून आलेला बुडबुडा आहे. जपानी कॉमिक्समध्ये गाढ झोप अशीच दाखवतात. अंत्यविधीच्या बातमीखाली हा रांगेने दिसतो आणि कुणाला काही वाटत नाही, कारण सगळेच तो रडणारा समजतात.

दुसरा 😤. युनिकोडमधलं त्याचं नाव विजयाच्या आवेशाचं आहे, पण नाकातून निघालेली वाफ पाहून बहुतेक जण त्याला संताप मानतात. 😥 चं अधिकृत वर्णन 'निराश, पण हायसं वाटलेला' असं काहीसं आहे. तो थेंब घामाचा की आसवाचा, हे चित्रावरून सांगता येणं अवघड आहे.

मग बरोबर कोण, युनिकोड की लोक? लोक. समोरचा जसं वाचणार आहे तोच अर्थ. नावं जाणून घ्यायची ती एवढ्यासाठी, की गोंधळ झाला तर कुठे झाला ते कळावं.

९. मी पाठवलेला चेहरा समोरच्याला वेगळा का दिसतो? कधी नुसता चौकोन का येतो?

प्रश्न १ मध्ये सांगितलं तसं, जातो तो क्रमांक. चित्र समोरच्या फोनचं. एकेकाळी अॅपलच्या फोनवर 😁 हा दात आवळल्यासारखा दिसायचा आणि इतरांकडे खुशीत हसताना. २०१६ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासलं. वेगवेगळ्या फोनवरची चित्रं तर सोडाच, तेच चित्र पाहूनही ते आनंदाचं की वाईट मनःस्थितीचं, यावर लोकांचं एकमत होत नव्हतं. अॅपलने पुढे तो चेहरा बदलला. त्याच वर्षी त्यांनी पिस्तुलाच्या जागी हिरवी पाण्याची पिचकारी आणली आणि २०१८ मध्ये इतर मोठ्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या. मधल्या काळात एकाने गमतीत पाठवलेली पिचकारी दुसऱ्याला पिस्तूल दिसत होती.

चौकोन येतो तेव्हा समोरच्या फोनकडे त्या क्रमांकाचं चित्रच नसतं. तुमचा चेहरा नवा, त्याची सिस्टिम जुनी. काही इमोजी तर दोन-तीन चिन्हं अदृश्य दुव्याने जोडून बनतात. सुस्कारा टाकणारा 😮‍💨 हा खरं तर 😮 आणि 💨 यांचा जोड आहे. जुन्या फोनवर तो फुटून दोन वेगळी चित्रं दिसतात. महत्त्वाचा निरोप अगदी नव्या चेहऱ्याच्या भरवशावर सोडू नका.

१०. (^_^) आणि (T_T) सारखे चेहरे कुठले?

जपानी. १९८०च्या दशकापासून तिथल्या संगणकांवर आहेत. ते सरळ वाचायचे, मान वाकवायची नाही. भाव तोंडात नसून डोळ्यांत असतो: ^ म्हणजे हसरे डोळे, इंग्रजी टी म्हणजे वाहणारे डोळे, आणि -_- म्हणजे कंटाळून मिटलेले. २००७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात जपानी लोक चेहऱ्यावरचा भाव ओळखताना डोळ्यांना, तर अमेरिकी लोक तोंडाला जास्त महत्त्व देताना दिसले. :-) मध्ये बदलतं ते तोंड, डोळ्यांचा कोलन तसाच राहतो.

११. ऑफिसच्या मेलमध्ये चेहरे चालतात का?

पहिल्या मेलमध्ये नकोत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कामाच्या औपचारिक मेलमधल्या स्मायलीने लिहिणारा प्रेमळ वाटला नाही, उलट कमी सक्षम वाटला. खरोखरच्या हसऱ्या फोटोने जे होतं ते स्मायलीने होत नाही. ओळख झाली आणि समोरून चेहरा आला की तुम्हीही बिनधास्त टाका. चॅटला हा नियम इतका कडक नाही. वरिष्ठाने दिलेल्या नकाराखाली मात्र 😊 कधीच नको. "रजा मंजूर करता येणार नाही 😊" हे वाचून कुणाचं मन हलकं झालेलं आमच्या ऐकिवात नाही.

१२. नुसता 👍 उद्धट वाटतो का? आणि त्याला होकार धरतात का?

उद्धटपणाचं उत्तर मेसेजच्या लांबीवर आहे. "पाचला येतो" याला 👍 पुरतो. दहा ओळी मन मोकळं केलेल्या माणसाला नुसता 👍 म्हणजे दार लावून घेणं.

होकाराचं प्रकरण गंभीर आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका धान्य खरेदीदाराने जवस खरेदीचा करार फोनवरून पाठवला आणि शेतकऱ्याने 👍 पाठवला. माल आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे 'करार मिळाला' एवढंच. २०२३ साली न्यायालयाने तो सहीसारखाच धरला आणि सुमारे ८२,००० कॅनडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. याआधी त्या दोघांचे व्यवहार अशाच एक-दोन शब्दांच्या होकारांवर झाले होते, हे न्यायालयाने विचारात घेतलं. तेव्हा पैशाच्या गोष्टीत "मिळालं, वाचून कळवतो" असं शब्दांत लिहा.

१३. कुणी वाईट बातमी कळवली तर काय पाठवावं?

शब्द. आधी एक तरी वाक्य, त्यात गेलेल्या माणसाचं नाव किंवा नातं: "काकांबद्दल आत्ताच कळलं. खूप वाईट वाटलं." त्यानंतर 🙏 किंवा काहीच नाही. 😭 टाळा. लहान मंडळी तो हसून रडू येण्यासाठीही वापरतात, आणि दुःखाच्या ठिकाणी तुमचं रडू मोठं दिसावं हे बरं नाही. हाच निकष भांडणाला आणि माफीलाही लावा. चेहरा सूर सांगतो, पण सूर लावायला आधी वाक्य लागतं.

१४. उपरोध कसा दाखवायचा?

🙃 ची रीत रुळली आहे: 'वा, छान, हेच राहिलं होतं'. "सोमवारी सकाळीच सर्व्हर बंद 🙃". स्वतःच्या परिस्थितीवर तो उत्तम चालतो. दुसऱ्याच्या वागण्यावर वापरताना प्रश्न ३ मधले आकडे आठवा. आणि अनोळखी माणसाशी उपरोधच नको, मग चेहरा कोणताही असो.

१५. मुलगी म्हणते 😂 म्हातारे लोक वापरतात. खरं का?

तिच्या वयाच्या मुलांत खरं आहे. २०१५ साली ऑक्सफर्ड शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून 😂 हेच चित्र निवडलं होतं. पाच-सहा वर्षांत तरुणांनी त्याला आईबाबांच्या खात्यात टाकलं आणि हसण्यासाठी 😭 किंवा 💀 घेतलं, म्हणजे 'हसून मेलो'. तुम्ही तुमचा 😂 खुशाल वापरा. वयाला न शोभणारी 💀 वापरून तिच्या मैत्रिणींत भाव वधारणार नाही. पण तिने तुमच्या फोटोखाली 💀 टाकली तर घाबरू नका.

१६. एका मेसेजमध्ये किती चेहरे चालतात?

तीन 😂😂😂 म्हणजे एकापेक्षा जोरात हसणं, हे सगळ्यांना कळतं. पण अंध व्यक्ती फोनवर मजकूर ऐकतात तेव्हा स्क्रीन रीडर प्रत्येक चित्राचं नाव वाचतो. दहा वेळा 'आनंदाश्रू असलेला चेहरा' ऐकून पाहा. शब्दांच्या मधे चित्रं पेरली तर वाक्यच हाती लागत नाही. म्हणून शेवटी, आणि थोडे. :-) ची वेगळीच तऱ्हा: तो कधी 'कोलन, रेघ, कंस' असा वाचला जातो, कधी गाळलाच जातो.

१७. साध्या एसएमएसमध्ये एक चेहरा टाकला आणि मेसेज दोन झाले. का?

इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. एक जरी इमोजी आला तर अख्खा मेसेज युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. मराठीत लिहिलेला मेसेज साधारणपणे आधीच ७०च्या हिशेबात असतो, त्यामुळे फरक कमी जाणवतो. चेहरा दोन जागा खातो एवढंच. :-) मात्र इंग्रजी मेसेजला महाग पडत नाही.

१८. एका सहकाऱ्याच्या मेलमध्ये प्रत्येक वाक्याच्या शेवटी इंग्रजी 'जे' असतो. ही सही आहे का?

नाही, तो हसतोय. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेलच्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्यांत :-) टाइप केलं की ते आपोआप विंगडिंग्ज फॉन्टमधला हसरा चेहरा होतं, आणि त्या फॉन्टमध्ये तो चेहरा 'जे'च्या जागी बसवलेला आहे. तुमच्याकडे तो फॉन्ट चालला नाही की उरतो नुसता जे. 'के' दिसला तर निर्विकार चेहरा, 'एल' दिसला तर दुःखी.

१९. शोकसंदेशाखाली चुकून 😂 गेला. आता?

बारीक अक्षरात 😂 आणि 😭 जुळे दिसतात, त्यामुळे हे रोज कुणाचं ना कुणाचं होतं. 'सर्वांसाठी डिलीट' लगेच करा. कुणी पाहिलं असेल असं वाटलं तर गटात खुलासे देत बसू नका. ज्याच्या घरी दुःख आहे त्याला थेट लिहा, "चुकून वेगळं चिन्ह गेलं, माफ कर", आणि पुढे प्रश्न १३ मधलं वाक्य. दुसऱ्या कुणाकडून असं झालेलं दिसलं तर त्याला खासगीत कळवा. गटात त्यावर आणखी एक 😂 टाकणारा कुणीतरी असतोच, तो तुम्ही होऊ नका.